कुत्र्याने कोय गिळली तर एरंडेल पाजू नका, प्लीज

आंब्याचा सीझन आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, "कुत्र्याने कोय गिळली तर दोन चमचे एरंडेल पाजा, शीतून पडते, डॉक्टर पैशासाठी उगाच पोट फाडतात." काल सोसायटीच्या ग्रुपवर पण आला म्हणून लिहितेय.

आधी तेलाचं बघू. कोय अडकते ती आतड्यात मावत नाही म्हणून, तेलाने ती काय बारीक होणारे का? उलट एरंडेलाने आतडं अजून जोरात पिळतं आणि पुढे वाट बंद. त्यात सारख्या उलट्या करणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात जबरदस्तीने तेल ओतलं तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

त्याच मेसेजमध्ये पुढे आहे, "शी होतेय म्हणजे अडकलेलं नाही." अहो, अडकलंय त्याच्या पुढे जे आधीचं साठलेलं असतं ते पडणारच! आमच्या कुत्र्याने, राजाने, कोय गिळली तेव्हा दुसऱ्या दिवशी थोडी शी केली, आम्ही निवांत झालो आणि तिथेच एक दिवस वाया गेला. पाणी प्यायलं तरी उलटी, खाण्याकडे बघत नाही, पोटाला हात लावू देत नाही, असं दिसलं की लगेच निघा.

"एक्सरे क्लिअर म्हणजे काही नाही" हेही चूक. नाणं लगेच दिसतं, कोय किंवा सॉक्स बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून सोनोग्राफी करतात.

आता "ऑपरेशन केलेली कुत्री जगत नाहीत." धोका असतो, पण तो उशिराने वाढतो. कोयीच्या दाबाने आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग काळा पडतो. वेळेत नेलं तर चांगल्या भागावर छोटी चीर देऊन कोय काढतात आणि टाके घालतात. उशीर झाला तर काळा भाग कापून दोन टोकं जोडायची, आणि मग टाके गळतात का याची पहिले 3 ते 5 दिवस धाकधूक. राजाचं आतडं जांभळं झालं होतं, कोय काढल्यावर हळूहळू गुलाबी झालं म्हणून कापावं लागलं नाही असं डॉक्टर म्हणाले. ट्रेमधली कोय मी बघितली, काळी पडलेली, तिचे धागे तसेच चिकटलेले, आणि तो वास अजून नाकात आहे.

छोट्या वस्तू कधीकधी आपोआप पडतात, खरंय. पण ते डॉक्टरांना बघून ठरवू दे, गिळल्या गिळल्या फोन केला तर एखादवेळी दुर्बिणीनेच निघते.

आणि मेसेजची शेवटची ओळ, "मागून दोरा लोंबत असेल तर ओढून काढा." मुळीच नाही! दुसरं टोक आत कुठेतरी अडकलेलं असतं, मांजरांत तर बऱ्याचदा जिभेखाली, ओढलात तर तो दोरा करवतीसारखा आतडं कापत येतो.