रस्त्यापेक्षा सहा इंच वर

मुंबईत इमारत बांधायची परवानगी ज्या कागदावर मिळते, त्याचं नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल'. साध्या मराठीत, नामंजुरीची सूचना. ही नामंजुरी हातात पडली की बिल्डर पेढे वाटतो. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या 346 व्या कलमाखाली तुम्हाला कळवण्यात येतं, की तुमचं बांधकाम मंजूर करता येत नाही, कारण पुढल्या गोष्टी तुम्ही अजून केलेल्या नाहीत. मग अटींची लांबलचक यादी, आणि प्रत्येक अट नकारात: अमुक केलेलं नाही, तमुक आणलेलं नाही. त्या पुऱ्या केल्या की नकार आपोआप विरघळतो. मुलीकडच्यांनी 'पत्रिका जुळत नाही' म्हणून कळवावं आणि त्याच पाकिटात हॉलच्या बुकिंगची पावती घालावी, तसा हा प्रकार. धंद्यात याला नुसतं आयओडी म्हणतात. पूर्ण नाव उच्चारलं की सोसायटीच्या सभेत एखादे आजोबा हमखास उठून विचारतात, "मग नाहीच ना मिळाली?"

हिंदमाता, सायन, कुर्ला, चुनाभट्टी, मिलन सबवेच्या अल्याडपल्याड, अशा पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी राहणाऱ्यांनी त्या यादीत आधी एकच ओळ शोधावी. तिचा मतलब असा: सखल भूखंड किमान 92 टीएचडीपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा सहा इंच वर, यांतलं जे जास्त असेल तिथवर, मुरूम-माती-दगडांनी भरा, रोलर फिरवून दाबा, उतार रस्त्याकडे द्या, आणि हे सगळं काम सुरू करण्यापूर्वी करा.

टीएचडी म्हणजे टाऊन हॉल डेटम, आणि डेटम म्हणजे उंची मोजायची शून्य पातळी. फोर्टात ज्याच्या पायऱ्यांवर कॉलेजची पोरं बसतात तोच टाऊन हॉल. 92 हा आकडा फुटांतला, म्हणजे 28.04 मीटर. म्हणून आपलं घर समुद्रापासून अठ्ठावीस मीटर उंच जाणार असं समजून कुणी हुरळून जाऊ नये. हा शून्यच पार पाताळात धरलेला आहे.

शून्यांची गंमत इथेच संपत नाही. 'आज 4.5 मीटरहून मोठी भरती' अशी बातमी येते, तो आकडा बंदराच्या चार्ट डेटमवरून मोजलेला. रस्ता आणि गटार टाऊन हॉलवरून. आणि इमारतीचा माथा विमानतळवाले समुद्रसपाटीपासून मोजतात. एकाच इमारतीच्या कागदांत तीन शून्यं, आणि तिघांची आपसांत बोलचाल नाही. नकाशाच्या कोपऱ्यात तिन्ही पातळ्यांचं रूपांतर सर्व्हेअरकडून सहीनिशी लिहून घ्या. नाहीतर 4.5 ची भरती 28 च्या आवारात कशी काय शिरते, यावर सभेचे दोन तास जातात.

विमानतळाचा विषय निघालाच आहे. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला या पट्ट्यात घर खालून पाण्याच्या आणि वरून विमानाच्या कात्रीत सापडतं. पुराच्या भागात जोतं पूरपातळीच्या किमान 60 सेंटीमीटर वर हवं. इतरत्र आजूबाजूच्या जमिनीच्या 30 वर चालतं. समजा, या हिशेबात जोतं 90 सेंटीमीटरनं उचलावं लागलं. विमानतळानं ठरवून दिलेली माथ्याची कमाल उंची तर वर सरकत नाही. मग हे 90 आणायचे कुठून? मजला 2.90 मीटरचा, त्यातून साडेबारा सेंटीमीटरचा स्लॅब वजा केला की उरले 2.775. राहत्या खोलीला नियमानं 2.75 हवेत. म्हणजे मजल्यामागे शिल्लक अडीच सेंटीमीटर. दहा मजल्यांतून चिमटे काढून 25 जमतात. शेवटी एक मजला जातो, आणि तो नेमका कुणाचा, हे ठरेपर्यंत दोन पावसाळे सहज निघतात.

आता पूरपातळी म्हणजे कुठली? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे दप्तरात आहे. आपल्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, हे मात्र गल्लीनंच सांगायचं. विचाराल तर कुणी कमरेवर हात ठेवतो, कुणी छातीवर. सांगणाऱ्याची उंची आणि श्रोत्यांची संख्या यांवर ते ठरतं. म्हणून माणसांना सोडा, भिंतींना विचारा. जुन्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, ऑइलपेंटच्या पापुद्र्याआड तपकिरी रेघ असते. तीन-चार जागी अशा रेघा शोधा, ऑटो लेव्हल, म्हणजे सर्व्हेअरची पातळी मोजायची दुर्बीण, लावून त्यांची पातळी काढा, शेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि अर्जाला जोडा. रेघा एकमेकींशी दोन-चार सेंटीमीटरच्या आत जुळल्या तर पुरावा पक्का. एखादी भलतीच वर गेली असेल तर ती गळक्या टाकीची.

पातळी मोजायला बेंचमार्क, म्हणजे जागची न हलणारी खूण, लागतो. तो चुकूनही मॅनहोलच्या झाकणावर, फुटपाथच्या कडेवर किंवा झाडाच्या बुंध्यावर घेऊ नये. झाकण बदलतं, फुटपाथ दर निवडणुकीला नवा होतो. शेजारच्या जुन्या दगडी इमारतीची पायरी उत्तम. तिला कुणी हात लावत नाही, मालक-भाडेकरूंचा खटला चालू असतो.

पुढचा मुक्काम पर्जन्य जलवाहिन्या खातं. त्यांचा लेखी अभिप्राय म्हणजे 'एसडब्ल्यूडी रिमार्क'. फाईल इथे जास्त फिरते, आणि माझ्या मते तिनं इथे फिरावंच. बाकी अग्निशमन, वृक्ष, वाहतूक, कीटकनाशक ही सगळी दारं ठोठावावी लागतातच, पण पाणी तुंबलं तर ते इथल्या चुकीनं. या रिमार्कमध्ये कळीचा शब्द आहे इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे गटाराच्या तळाची पातळी. तुमच्या आवारातल्या शेवटच्या चेंबरचा तळ रस्त्याकडेच्या गटाराच्या तळापेक्षा वर पाहिजे. तो खाली राहिला तर तुम्ही पैसे मोजून रस्त्याचं पाणी घरात आणायची सोय केलीत. आवाराच्या मागच्या भिंतीपासून गेटापर्यंत 40 मीटर असतील आणि उतार शंभराला एक धरला, तर मागच्या चेंबरपासून पुढच्यापर्यंत 40 सेंटीमीटर खाली यावं लागतं. नकाशावर ते येतात. प्रत्यक्षात मध्येच पाण्याची टाकी आडवी येते, प्लंबर पाइप तिच्यावरून नेतो आणि उतार उलटा होतो. फरश्या बसवण्यापूर्वी मागच्या चेंबरमध्ये चार बादल्या ओतून पुढे किती येतं ते बघा. ही चाचणी कुठल्याही फॉर्मात नाही, म्हणून कुणी करत नाही.

चाचणीत पास झालात तरी पाणी पुढे कुठं जाणार? शहरातून समुद्राला मिळणारी गटारांची मुखं 186. त्यांतली 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, 135 भरतीच्या पातळीच्या खाली, आणि भरतीतही वर राहणारी फक्त सहा. भरती आणि पाऊस एका वेळी आले की मुंबईचं गटार हे समुद्राचं घरात यायचं दार होतं. म्हणून शेवटच्या चेंबरवर फ्लॅप व्हॉल्व्ह लावायचा. पाणी बाहेर जाऊ देतो, आत येऊ देत नाही. दुधाची एक रिकामी पिशवी त्याच्या फटीत अडकली की तो दोन्ही करतो.

व्हॉल्व्ह नीट बंद झाला तर आपल्याच आवारातलं पाणी आत कोंडतं. शहराच्या नाल्यांची क्षमता पूर्वी तासाला 25 मिलिमीटर पावसाची धरलेली होती, ती 50 वर न्यायची असं ब्रिमस्टोवॅड या पर्जन्य जलवाहिन्या सुधारायच्या प्रकल्पात ठरलं. तोच 50 चा आकडा घ्या. हजार चौरस मीटरचा भूखंड, सगळा पेव्हर ब्लॉकनं मढवलेला. तासाला 50 घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर पाणी. मे महिन्यात ज्या टँकरसाठी सेक्रेटरी फोनवर गयावया करतो, ते जुलैत दर तासाला पाच, फुकट, घरपोच. त्यासाठी सम्प, म्हणजे पाणी गोळा करायचा खड्डा हवा, पंप हवे, आणि एक बंद पडला तर दुसरा हवा. पंपाचा स्विच बेसमेंटमध्ये ठेवू नका. हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगावं लागतं. पाणी चढलं की वीज कंपनी सुरक्षेसाठी पुरवठा तोडते, म्हणून जनरेटर लागतो आणि तोही उंचावर. मीटरची खोली पूरपातळीच्या वर, जमिनीखालच्या टाकीचं तोंड जोत्याइतकं उचललेलं, रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा, आणि लिफ्ट पावसाच्या इशाऱ्याला वरच्या मजल्यावर पाठवून बंद केलेली. खड्ड्यातलं पझल पार्किंग, म्हणजे गाड्या यंत्रानं एकावर एक रचणारं, घेणार असाल तर खालच्या थरातली गाडी कुणाची, हे आधी लिहून ठेवा.

खाडीकाठी किंवा नदीकाठी असाल तर आणखी दोन गाठी. भरतीचं पाणी आत येणाऱ्या खाडीपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल तेवढ्या पट्ट्यात सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, लागू होतं. आणि मिठीचा काठ असेल तर आपला तुकडा कुणाकडे ते बघा: 17.84 किलोमीटरांपैकी 11.84 महापालिकेकडे आणि 6 एमएमआरडीएकडे, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, अशी वाटणी झाली होती. नदीला हे माहीत नसतं, फाईलला माहीत असावं लागतं.

भरणीबद्दल एकच सांगतो. वीस-वीस सेंटीमीटरचे थर, पाणी मारून, रोलर फिरवून. रात्री डेब्रिजचे डंपर रिकामे करून सकाळी वर मुरूम पसरला तर नकाशावर भरणी होते, पण दोन पावसाळ्यांत ती खाली बसते आणि आवाराच्या मधोमध बशी तयार होते. कंपाउंड वॉलची अटही वाचा: पाया रस्त्याकडच्या गटाराच्या तळाखाली हवा आणि शेजारच्या आवारातून येणारं पावसाचं पाणी अडता कामा नये. तुम्ही भरणी करून उंच झालात, शेजारी खालीच राहिला, तर तो याच अटीवर बोट ठेवून तक्रार करतो आणि त्याचं बरोबर असतं. भिंतीलगत त्याच्या पाण्याला चर ठेवा.

मग जोत्यापुरती सीसी, म्हणजे काम सुरू करायचा दाखला, जोत्याची तपासणी, पुढची सीसी, आणि काही वर्षांनी ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण निघतं. जुना थर खरवडून काढला तर पातळी तीच राहते. तसाच ठेवून वर ओतला तर रस्ता वर येतो आणि तुमचे सहा इंच त्यात जातात. काम सुरू व्हायच्या आधी आपल्या गेटाची पातळी मोजून वॉर्डाच्या रस्ते अभियंत्याला लेखी द्या आणि पोच घ्या. खडी पडल्यावर दिलेल्या पत्राचा उपयोग फक्त फाईल जाड करायला होतो.

त्या फाईलचीही जागा ठरवून टाका. मंजूर नकाशे, आयओडी, रेघांचे फोटो, ओसी, सगळं सोसायटीच्या ऑफिसात असतं, आणि सोसायटीचं ऑफिस असतं स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यात, गेटाशेजारी, आवाराच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात. कागद कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. खालच्या खणात गणपतीचं डेकोरेशन चालेल, ते दरवर्षी नवंच आणतात.