रेडियम

परवा भांडुपच्या सिग्नलला एका काकांनी मला विचारलं, "ओ मॅडम, हे खड्डे कधी बुजवणार?" मी सायकलवर, अंगात पोपटी जाकीट, पुढे-मागे चंदेरी पट्टे. काकांना वाटलं मी मेट्रोच्या कामावरची, नाहीतर महापालिकेची. म्हटलं, "काका, मी पण तुमच्यासारखीच खड्ड्यातली." हसले नाहीत. सिग्नल सुटल्यावर मागून म्हणाले, "तरी सांगा वर."

तीन वर्षं झाली, मुलुंड ते विक्रोळी सायकलने ऑफिसला जाते. एलबीएस मार्ग, म्हणजे मेट्रोचे पत्रे, पत्र्यांना चिकटून रिक्षा, रिक्षांना चिकटून मी. जाताना उजेड असतो, येताना साडेसात-आठ होतात. पहिल्या दिवशी जाकीट घालून निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे झाडूवाल्यांचं कशाला घातलंस गं?" मला राग आला. पण खरं सांगायचं तर आरशासमोर माझ्याही मनात तेच आलं होतं, म्हणून जास्त आला. शिवाय आमची पिढी लोकलमध्ये, बसस्टॉपवर, गल्लीच्या तोंडाशी नजरेत कसं येऊ नये एवढंच शिकत मोठी झाली. ओढणी नीट, चाल भरभर, रंग फिके. आणि आता सत्तेचाळिसाव्या वर्षी हा कच्च्या लिंबाचा रंग अंगावर घेऊन भर रस्त्यात "बघा मला" म्हणत फिरायचं. सवय व्हायला एक पावसाळा गेला.

पण आज लिहायचंय ते त्या चंदेरी पट्ट्याबद्दल. आपण त्याला काय म्हणतो? रेडियम. नंबर प्लेटवाल्याकडे जा, आरटीओबाहेरच्या टपरीवर जा, "रेडियम मारून द्या" म्हटलं की काम झालं. त्यात रेडियमचा कणही नसतो. खरं रेडियम असायचं आजोबांच्या काळातल्या घड्याळाच्या काट्यांवर. तो रंग आपला आपण चमकायचा, उशीखाली ठेवला तरी. ते घातक म्हणून बंद झालं, नाव मात्र मागे राहिलं, आणि माझ्या मते त्या नावानेच घोटाळा केलाय. आपल्याला वाटतं पट्टा आपोआप चमकतो. घातला की झालं.

तो चमकत नाही. तो उसना घेतो. त्या पट्ट्यावर काचेचे बारीक मणी असतात किंवा प्लॅस्टिकचे इवलेसे कोन असतात. उजेड आत शिरतो, मागच्या बाजूवरून उलटतो आणि जिथून आला त्याच वाटेने परत जातो. आरशासारखा भलतीकडे जात नाही. म्हणून ज्याचा हेडलाइट त्यालाच पट्टा लखलखीत दिसतो आणि बाजूला उभ्या माणसाला तो करडा फडका असतो. गावी गोठ्यात बॅटरी मारली की मांजराचे डोळे पेटतात ना, तसं. रस्त्यात बसवलेले चमकते ठोकळे, कॅट्स आय, त्यावरूनच आले, इंग्लंडच्या पर्सी शॉने १९३४ मध्ये पेटंट घेतलं होतं.

हे मी वाचलं होतं, पण पटलं आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये. एका रात्री लाइट गेले होते. मुलाला जाकीट घालून लिफ्टजवळ उभं केलं आणि मी दुसऱ्या टोकाला मोबाइलची टॉर्च डोळ्याशेजारी, त्याच्याकडे रोखून उभी राहिले. पट्टे असे पेटले की समोरच्या वहिनी दार उघडून "काय झालं?" विचारायला आल्या. मग टॉर्च हळूहळू डोळ्यापासून लांब नेली, हात पूर्ण ताणून खाली धरला. पट्टे विझत गेले. तुम्हीही करून बघा. आणि मग एक विचार करा. मोटारीत ड्रायव्हरचा डोळा दिव्याच्या थोडासाच वर असतो. डंपर, काँक्रीटचा मिक्सर, बेस्टची बस यांच्यात दिवे खाली बंपरपाशी आणि ड्रायव्हर वर माडीवर. म्हणजे ज्या गाडीने तुम्हाला सगळ्यात नीट बघावं असं वाटतं, तिलाच तुमचा पट्टा सगळ्यात मंद दिसतो.

त्याच रात्री दुसरा शोध लागला. मुलगा म्हणाला, "आई, तू तर बॅग लावतेस." मी बॅग पाठीवर अडकवली आणि वळले. मागे काळी बॅग, खांद्यावर दोन चंदेरी तुकडे, बाकी अंधार. दोन वर्षं मी तो पट्टा बॅगेखाली झाकून, स्वतःला सुरक्षित समजत घरी येत होते. पावसाळ्यात तर त्यावर नेव्ही ब्लू रेनकोट. मी जाकीट घातलेलं असायचं, एवढंच. ते फक्त मला माहीत होतं.

आता रंगाचं. पोपटी रंग उन्हातलं न दिसणारं अतिनील घेऊन ते दिसणाऱ्या पिवळ्या-हिरव्या उजेडात बदलतो, आणि दिवसाउजेडी आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त कळतो तो नेमका हाच भाग. त्यामुळे ढगाळ दुपारी, तिन्हीसांजेला तो कपडा आतून दिवा लावल्यासारखा दिसतो. जुलैतल्या मुंबईत त्याला तोड नाही. पण रात्री हेडलाइटच्या उजेडात अतिनील येणार कुठून? तेव्हा तो साधा पिवळट कपडा. थोडक्यात, रंग दिवसाचा नोकर आणि पट्टा रात्रपाळीचा. पाळी बदलताना दोघेही हजर असले पाहिजेत, आणि आपण बाजारातून बहुतेक वेळा एकालाच उचलून आणतो. स्पोर्ट्सच्या दुकानात अडीच-तीन हजारांचं सायकलिंग जाकीट बघितलं, रंग झकास, पट्टा कडेला बोटभर, तोही डिझाइन म्हणून. नागदेवी स्ट्रीटला कामगारांसाठीच्या सामानाच्या दुकानात मला दीडशे रुपयांत दोन इंची पट्ट्यांचं मिळालं. दिसायला गबाळं आहे. उन्हात रंग उडतो, धुऊन धुऊन पट्ट्याला भेगा जातात, म्हणून वर्षाला एक नवं घेते.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या संशोधकांनी रात्री बंद ट्रॅकवर एक प्रयोग केला होता. ड्रायव्हर गाडी चालवणार आणि सायकलवाला दिसला की सांगणार. काळ्या कपड्यातले सायकलवाले शंभरात दोनदा ओळखले गेले. नुसता फ्लोरोसंट, म्हणजे भडक रंगाच्या पण बिनपट्ट्यांच्या जाकीटवाला पंधरा वेळा. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलं तर पन्नास. आणि त्याच जाकिटासोबत घोट्याला नि गुडघ्याला पट्टे बांधले तर नव्वद! पाठ स्थिर असते, खांबही स्थिर असतो, दुकानाची पाटीही. पण वर-खाली, वर-खाली होणारे दोन ठिपके म्हणजे माणूस, हे ड्रायव्हरच्या मेंदूला विचार करावा लागायच्या आधीच कळतं. शिवाय हेडलाइटचा झोत खालीच असतो, पायांवर. हे वाचल्यावर मी वेल्क्रोचे दोन पट्टे आणले, साठ रुपयांना जोडी. पायजम्याची बाटमही चेनमध्ये अडकत नाही. (पूर्वी बाबा क्लिपा लावायचे ना, तसंच.)

मग जाकिटाचा उपयोग काय, असं विचाराल तर आहे, आणि चांगलाच आहे. डेन्मार्कमध्ये २०१२-१३ साली जवळजवळ ६,८०० सायकलस्वारांवर वर्षभर प्रयोग झाला. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पिवळं जाकीट दिलं, निम्म्यांना नाही. जाकीटवाल्यांचे दुसऱ्या कुणाशी धडकून इजा होण्याचे अपघात ४७ टक्क्यांनी कमी निघाले. अपघात ज्याचे त्यानेच कळवायचे होते, त्यामुळे होणारी गफलत वजा केली तरी ३८ टक्के. दीडशे रुपयांच्या वस्तूकडून अजून काय हवं? आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर जे लोक "जाकीटबिकीट सगळं थोतांड" लिहितात त्यांनी हा आकडा बघावा. मात्र डेन्मार्कमध्ये बऱ्याच ठिकाणी सायकलला स्वतःचा रस्ता असतो हेही बघावं. आपल्याकडे बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, सायकल ट्रॅक केला होता. तो आधी पार्किंगला गेला आणि मग गाड्यांसाठी रस्ता रुंद करायला.

आता माझा अपघात. छोटाच होता. कांजूरच्या अलीकडे पत्र्यांमुळे रस्ता निमुळता होतो तिथे एका टेम्पोने मला डावीकडे दाबत वळण घेतलं. हँडल त्याच्या फाळक्याला घासलं, मी पडले, कोपर सोलपटलं. संध्याकाळचे सव्वासहा, लख्ख उजेड, अंगात नवंकोरं जाकीट. टेम्पोवाला थांबला, उतरला, मला उठवलं, पाण्याची बाटली दिली. माणूस वाईट नव्हता. मी ओरडले, "दिसत नाही का?" तर म्हणतो, "दिसलात ना ताई, म्हणून तर हॉर्न दिला."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याला मी दिसले होते. लांबून दिसले होते. त्याच्या हिशोबात हॉर्न वाजवला की त्याचं काम संपलं, आता बाजूला व्हायचं ते मी. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठाच्या एका अभ्यासात एकच सायकलस्वार सात वेगवेगळ्या वेषांत फिरला आणि ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या किती अंतर ठेवतात ते मोजलं. पोपटी जाकीट घातलं म्हणून कुणी जास्त जागा सोडली नाही. फरक पडला तो फक्त एका जाकिटाने, ज्यावर पोलीस आणि व्हिडिओ चित्रण असं लिहिलं होतं. आणि वेष कुठलाही असो, शंभरातले एक-दोन जण अर्ध्या मीटरच्या आतून गेलेच. म्हणजे जाकीट डोळ्यापर्यंत पोचतं. पुढे पाय ब्रेकवर जायचा की हात हॉर्नवर, ते जाकिटाच्या हातात नाही.

म्हणूनच मला तो एक प्रश्न सहन होत नाही. पडल्यावर कोपराला ड्रेसिंग करताना डॉक्टर म्हणाले, "जाकीट होतं ना?" सोसायटीच्या ग्रुपवर, "जाकीट घातलं होतंस का?" टेम्पोला इंडिकेटर होता का, हे एकानेही विचारलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईत पाम बीच रोडवर पहाटे इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी सायकल चालवताना मागून कॅबच्या धडकेने गेले. डोक्याला हेल्मेट होतं, सोबत सायकलवाल्यांचा ग्रुप होता. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर काय चर्चा चालली होती? कुठला टेल लाइट घ्यावा. मीही त्यात होते, मीही एक मागवला. भीती वाटली की माणूस आपल्या हातात असलेलं काहीतरी विकत घेतो. वेगाबद्दल आपल्या हातात काय आहे?

जाता जाता, फ्रान्समध्ये २००८ पासून गावाबाहेर रात्री सायकल चालवायची तर चमकतं जाकीट सक्तीचं आहे. आपल्याकडे असा कायदा आणा म्हणणारे सापडतात. नको रे बाबा. दंड कुणाला बसेल ते मला आत्ताच दिसतंय. अडीच हजारांच्या जाकीटवाल्याला नाही.

तो बसेल आमच्या पाववाल्याला. पहाटे पावणेसहाला मागे पावाचा भलामोठा डबा, पुढे हँडलला दोन पिशव्या, पायात स्लीपर, अंगात काळा टी-शर्ट. या शहरात अंधारात सायकल चालवणारे कोण? पाववाले, दूधवाले, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन. रविवारी चष्मे लावून फिरणारे आम्ही नंतर येतो. जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डचं टोक पांढरं रंगवलेलं असायचं आणि त्यात लाल काचेचं भिंग, आठवतं? आणि डायनॅमो. दिवा नसेल तर पोलीस धरायचा, डबल सीटसारखाच. म्हणजे तेव्हा दिसण्याची जबाबदारी सायकलच्या अंगावर असायची, माणसाच्या अंगावर नाही. पाववाल्याच्या सायकलीचं मडगार्डच गेलंय.

गेल्या महिन्यात आरटीओबाहेरच्या रेडियमवाल्याकडून ट्रकच्या मागे लावतात ती लाल-पांढरी टेप आणली. ही मण्यांची नाही, कोनांची असते, वरून बंद असते. पावसाचं पाणी साचलं की कपड्यावरचे उघडे मणी मंद होतात, ही तेवढी होत नाही. रविवारी पाववाल्याला खाली थांबवलं. "दस मिनट रुको, कुछ लगाना है." त्याने आधी दोन्ही हात डब्यावर ठेवले. जाहिरात चिकटवतेय असं वाटलं असावं. मी डबा ओल्या फडक्याने पुसला. पिठाची नि धुळीची साय निघाली, खाली पत्र्याचा मूळ निळा रंग होता. मागच्या बाजूला लाल-पांढरा पट्टा आडवा लावला. मग पायडलच्या दांड्यांना एकेक वळसा, कारण वर-खाली हलायला हवं. टेप गोल वळणाला नीट बसेना, कडा उचलायच्या, शेवटी त्यानेच अंगठ्याने घासून घासून बसवली. मी लांब जाऊन टॉर्च डोळ्याला लावली आणि त्याला म्हटलं, "पैडल मारो." स्टँडवर सायकल, तो उभ्याउभ्या हाताने पायडल फिरवतोय, आणि दोन ठिणग्या वर-खाली, वर-खाली.

तो बघायला माझ्या जागी आला. मी पायडल फिरवलं. टॉर्च त्याने छातीशी धरली होती. म्हणाला, "कुछ नहीं दिख रहा." म्हटलं, "आँख के पास लाओ." आणली. थोडा वेळ गप्प बसला.

"ये तो आदमी जा रहा है ऐसा लगता है," म्हणाला. मग विचारलं, "और है क्या? बेकरी में सात साइकिल है."

दीड हात टेप उरली होती, ती देऊन टाकली. शनिवारी परत रेडियमवाल्याकडे जायचंय. कुणाला हवी असेल तर आधी सांगा, एकदमच घेईन.