आधी शाळा, मग कारखाना

कुठल्याही प्रदेशाचा विकास आराखडा हाती आला की मी प्रस्तावना सोडून थेट तक्त्यांकडे वळतो. गुंतवणूक किती, नोकऱ्या किती, हे ठळक अक्षरांत असतं. त्या नोकऱ्या कोण करणार, ती माणसं आज काय करतात, त्यांच्या हातात कोणतं कसब आहे, हे मात्र शोधूनही सापडत नाही. माझं ठाम मत आहे की बरेचसे आराखडे पैशाअभावी नाही, क्रम चुकल्यामुळे फसतात.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं माउंट प्लेझंट घ्या. 2017 मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तिथे 13,000 नोकऱ्यांचा प्रकल्प जाहीर केला. राज्याने सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या. गावाने कर्ज काढलं, जमिनी घेतल्या, रस्ते आणि पाण्याची कामं केली, लोकांची राहती घरं पाडली गेली. 2021 मध्ये करार बदलला तेव्हा नोकऱ्यांचा आकडा 1,454 वर आला होता. राज्याची बरीचशी करसवलत वाचली, कारण नोकऱ्या प्रत्यक्ष दिल्यावरच ती मिळेल अशी अट होती. गावाचा खर्च मात्र आधीच होऊन गेला होता.

आता याच्या अगदी उलट क्रम बघा. स्पेनच्या बास्क भागातलं मोंद्रागोन. 1941 मध्ये, यादवी युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झालेली असताना, होसे मारिया अरिस्मेंदिअरिएता हा तरुण पाद्री तिथे आला. गावातल्या मोठ्या कारखान्याची प्रशिक्षण शाळा होती, पण ती तिथल्या कामगारांच्या मुलांपुरतीच. बाकीच्या मुलांनाही घ्या, असं त्याने विचारून पाहिलं. नकार मिळाला. मग त्याने रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पेट्या ठेवल्या आणि नवी शाळा काढायला कोण काय मदत करेल, ते चिठ्ठीवर लिहून टाकायला लोकांना सांगितलं. 1943 मध्ये शाळा सुरू झाली. त्या शाळेतून पुढे आलेल्या पाच जणांनी 1956 मध्ये पहिला सहकारी कारखाना काढला, रॉकेलवर चालणाऱ्या स्टोव्हचा. 1959 मध्ये स्वतःची बँक आली. शाळेपासून कारखान्यापर्यंत तेरा वर्षं! कुठल्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात तेरा वर्षं बसतील? पण त्यातून वाढलेल्या सहकारी संस्थांच्या समूहात आज सुमारे 70 हजार लोक काम करतात. आणि 2013 मध्ये त्यांचाच घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना बुडाला, तेव्हा त्यातल्या अनेकांना समूहातल्या दुसऱ्या संस्थांनी सामावून घेतलं.

मोठा उद्योग नकोच, असं माझं म्हणणं नाही. पण तो येण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात. एक, तो सुटे भाग, दुरुस्ती, वाहतूक, जेवण हे सगळं कुठून घेणार? सगळंच बाहेरून येणार असेल, तर आतल्या माणसांच्या हाती फक्त पगार लागतो, आणि वरच्या जागांवर बाहेरून माणसं आली की तोही बराचसा त्यांच्यामागोमाग बाहेर जातो. दुसरं, कामावर पोहोचायचं कसं? पाळी सहाला सुरू आणि पहिली बस साडेसातला, असं असेल तर ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याच्यासाठी ती नोकरी नाहीच. पाळणाघर नसेल तर लहान मुलांच्या किती आया आपोआप वगळल्या जातात! आराखड्यात बसचं वेळापत्रक लिहायला कुणाला कमीपणा वाटू नये.

जर्मनीच्या रूर खोऱ्याने शिक्षणाचं हे काम उशिरा का होईना, केलं. कोळसा आणि पोलादाच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात 1960 च्या दशकापर्यंत एकही आधुनिक विद्यापीठ नव्हतं. बोखुममध्ये 1962 मध्ये ओपेलचा मोटार कारखाना सुरू झाला आणि 1965 मध्ये विद्यापीठात वर्ग भरले. कारखाना 2014 मध्ये बंद पडला. विद्यापीठ आजही आहे.

तिथल्या खाणींचं मला विशेष वाटतं. अनुदान थांबवून दगडी कोळशाच्या खाणी 2018 पर्यंत बंद करायच्या, हे 2007 मध्येच ठरलं होतं. अकरा वर्षं हातात होती. कुणी दुसरं काम शिकलं, कुणी लवकर निवृत्ती घेतली, सक्तीने कुणाला काढायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. डिसेंबर 2018 मध्ये बोट्रोपच्या प्रॉस्पर-हानिएल खाणीतून शेवटचा कोळशाचा दगड वर आला आणि खाणकामगारांनी तो देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला.