लिंकनच्या अपयशांची यादी: कलमवार कैफियत

कुठलाही निकाल लागला की ही यादी हमखास फिरायला लागते. स्पर्धा परीक्षेच्या ग्रुपांवर तर तिचा पाऊस पडतो. १८३१ धंद्यात अपयश, १८३२ निवडणुकीत पराभव, १८३३ धंदा पुन्हा बुडाला, १८३५ प्रेयसीचा मृत्यू, १८३६ मन खचलं, १८३८ सभापतिपदाला हरला, १८४० इलेक्टर (अध्यक्ष निवडणारा प्रतिनिधी) म्हणून हरला, १८४३ आणि १८४८ काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला) हरला, १८५५ सिनेटला, १८५६ उपाध्यक्षपदाला, १८५८ पुन्हा सिनेटला. आणि १८६० ला अमेरिकेचा अध्यक्ष! कोण? अब्राहम लिंकन. खाली हात जोडलेले.

यादीतल्या बऱ्याच ओळींना थोडाफार आधार आहे, म्हणून तर ती खपते. लबाडी आहे ती गाळण्यात. स्प्रिंगफील्डसारख्या लहान शहरात उत्तम वकिली चालणारा, पक्षात वजन असणारा एक माणूस तिने सफाईने गायब केलाय. उरलाय तो नुसता पडणारा आणि उठणारा.

पहिली ओळ घ्या. १८३१ चं, इलिनॉय राज्यातल्या न्यू सेलम गावातलं दुकान डेंटन ऑफटचं. लिंकन तिथे पगारी नोकर. शेठचं दुकान बसलं म्हणून गुमास्त्याचं दिवाळं निघालं, असं कोणी म्हणतं का? १८३३ चं मात्र खरं. बेरी नावाच्या भागीदाराबरोबर उधारीवर घेतलेलं दुकान बुडालं, भागीदार वारला आणि सुमारे ११०० डॉलरचं कर्ज एकट्याच्या डोक्यावर आलं. जप्ती होऊन घोडा, खोगीर आणि जमीन मोजणीची साधनं लिलावात गेली. एका मित्राने बोली लावून ती सोडवली आणि त्यालाच परत दिली. कर्ज त्याने कित्येक वर्षं फेडलं. पण १८३३ मध्येच तो गावचा पोस्टमास्तर झाला होता आणि मोजणीचं सरकारी कामही त्याला मिळालं होतं, हे यादीत नाही.

१८३२ चा पराभवही खरा. वय २३, गावात येऊन जेमतेम वर्ष झालेलं, १३ उमेदवारांत आठवा. पण ज्यांनी त्याला पाहिलं होतं त्या न्यू सेलमच्या केंद्रावर ३०० पैकी २७७ मतं त्याला पडली. पुढे १८३४, १८३६, १८३८, १८४० असा सलग चार वेळा तो इलिनॉयच्या विधिमंडळावर निवडून आला. बहुतेक फॉरवर्डांत या चारांतली एकही निवडणूक नसते.

१८३६ ला मन खचलं म्हणे. यादीतली प्रेयसी, ॲन रटलेज, गेली १८३५ मध्ये, आणि शेजाऱ्यांनी पुढे सांगितलं त्यावरून तो तेव्हा फार हलला होता. खूप वाईट दिवस पुन्हा आले ते जानेवारी १८४१ मध्ये. यादीला त्याचा पत्ता नाही. १८३६ मध्ये काय झालं? त्याला वकिलीची सनद मिळाली आणि निवडणुकीत तो सँगमन काउंटीत सर्वाधिक मतांनी आला. असं खचणं कोणालाही चालेल.

विधिमंडळाच्या सभापतिपदासाठी पक्षाने २९ वर्षांच्या पोराला उभं केलं, याला मी तरी अपयश म्हणणार नाही. इलेक्टरचं तर सोडाच: राज्यात पक्ष हरला की यादीतले सगळेच हरतात.

१८४३ मध्ये काँग्रेसची निवडणूक तो हरला नाही, त्याचं तिकीट कापलं गेलं. त्याच्या तेव्हाच्या व्हिग पक्षात तीन इच्छुक होते: हार्डिन, बेकर, लिंकन. एकेक करून तिघेही वॉशिंग्टनला गेले. लिंकनची पाळी १८४६ ला आली आणि तो जिंकला. १८४८ ला तो उभाच नव्हता. उभा होता त्याचा वकिलीतला जुना भागीदार लोगन. हरला लोगन, नोंद लिंकनच्या खात्यावर.

यानंतर यादी एकदम १८५५ वर उडी मारते, आणि खरा लिंकन नेमका त्या मोकळ्या जागेत आहे. आठव्या सर्किटमध्ये, म्हणजे गावोगाव फिरत्या कोर्टाच्या टापूत, न्यायाधीश आणि वकील वसंतात आणि शरदात आठवडेच्या आठवडे घोड्यांवर, बग्ग्यांतून एका काउंटीच्या गावाहून दुसऱ्या गावी जात. खाणावळीत एका पलंगावर दोघे झोपत, दिवसा कोर्टात भांडत, रात्री गप्पा मारत. गाय-डुकरांचे दावे, उधारी, अब्रुनुकसानी, मग रेल्वे. उभ्या कारकिर्दीत लिंकन आणि त्याच्या भागीदारांच्या हाताखालून ५,००० हून जास्त प्रकरणं गेली. इलिनॉय सेंट्रल रेल्वेने ५,००० डॉलरची फी द्यायला टाळाटाळ केली तेव्हा त्याने आपल्या या पक्षकारावरच दावा ठोकला आणि वसूल केली. १८५८ च्या एका खून खटल्यात साक्षीदार शपथेवर सांगत होता की रात्री ११ च्या सुमारास चंद्र डोक्यावर होता, म्हणून मारणारा स्पष्ट दिसला. लिंकनने त्याच्याकडून ते पुनःपुन्हा वदवून घेतलं आणि मग पंचांग पुढे ठेवलं. चंद्र मावळतीला टेकला होता. आरोपी सुटला. तो न्यू सेलमच्या जुन्या मित्राचा मुलगा, म्हणून फी घेतली नाही.

(याच लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून जे पत्र आपल्या शाळांच्या भिंतींवर असतं, ते त्याच्या संग्रहित लेखनात सापडत नाही. पण तो वेगळा खटला.)

सिनेटचे दोन्ही पराभव खरेच, पण तेव्हा सिनेटर जनता निवडत नव्हती, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. १८५५ ला पहिल्या फेरीत लिंकनला ४४ मतं, दुसरा उमेदवार ट्रंबल, त्याला फक्त ५. गुलामगिरीच्या विस्ताराला मोकळीक देणाऱ्यांचा माणूस येऊ नये म्हणून लिंकनने आपली मतं ट्रंबलकडे वळवली आणि ट्रंबल जिंकला. १८५८ ला प्रतिस्पर्धी डग्लस ५४ विरुद्ध ४६ ने निवडला गेला, पण राज्यभरात जास्त मतं लिंकनच्या (आता रिपब्लिकन) पक्षाला होती. १८५६ चं उपाध्यक्षपद तर विनोदच. पक्षाच्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात त्याने न मागता ११० प्रतिनिधींनी त्याचं नाव घेतलं, आणि तो स्वतः तेव्हा अर्बानात कोर्टाच्या कामात होता.

राहता राहिलं १८६०. विरोधी डेमोक्रॅटिक पक्ष फुटला होता, आणि सुमारे ४० टक्के मतांवर लिंकन अध्यक्ष झाला. त्याआधी उमेदवार ठरवणाऱ्या शिकागोच्या अधिवेशनात रात्ररात्र जागून प्रतिनिधी फोडणारा, जुळवणारा माणूस होता डेव्हिड डेव्हिस, म्हणजे त्याच आठव्या सर्किटचा न्यायाधीश. १८६२ मध्ये लिंकनने त्याला सर्वोच्च न्यायालयात नेमलं. आपल्याकडे याला काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.