ला पाझ: तीन दिवस आणि एक बटाटा

परत आल्यापासून एकच प्रश्न ऐकतेय. "तीन दिवसांत काय काय कव्हर केलंस?"

काहीच नाही. बोलिव्हियाला जाणारे बहुतेक लोक ला पाझला एक रात्र देतात, तीही पाठ टेकण्यापुरती, आणि उयुनीचं मिठाचं वाळवंट गाठतात. मी उयुनीला गेलेच नाही. हो, एवढ्या लांब जाऊन. तीनही दिवस त्याच शहरात राहिले आणि माझ्या मते तेच बरोबर केलं.

मुळात ते शहर घाई करूच देत नाही. विमानतळ वर एल आल्तोत, म्हणजे ला पाझच्या माथ्यावरच्या शेजारच्या शहरात आहे, ४,०६१ मीटरवर. आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी तो साडेसातशे मीटर वरच राहील. पट्ट्यावरची बॅग उचलली आणि मला धाप लागली. पहिला दिवस डोकं धरून, कोकाच्या पानांचा चहा पीत पडून काढला. (तिथे तो आपल्या गवती चहाइतका सहज मिळतो. पानं घरी आणायच्या भानगडीत मात्र पडू नका.)

दुसऱ्या दिवशी रोपवेत बसले आणि दिवसभर रोपवेतच फिरले. आपल्या डोक्यात रोपवे म्हणजे रायगड. वर जायचं, फोटो काढायचे, खाली यायचं. इथे ती लोकल आहे, लोकल! २०१४ मध्ये लाल, पिवळी आणि हिरवी, अशा झेंड्याच्याच रंगांच्या तीन लाइन सुरू झाल्या. आता दहा आहेत. मी गेले तेव्हा तिकीट तीन बोलिव्हियानो होतं. माझ्या डब्यात गणवेशातली दोन पोरं, पावाची पिशवी घेतलेले एक आजोबा आणि घेरदार परकर, डोक्यावर गोल हॅट अशा वेशातल्या एक आयमारा (तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या) बाई होत्या. त्या सगळा वेळ फोनवर कुणाला तरी झापत होत्या. भाषा कळली नाही, सूर कळला. लाल लाइन कब्रस्तानावरून जाते. तिथे थडग्यांचे मजले आहेत, प्रत्येकाला काचेचं दार आणि आत फुलं. पोरांनी मान वर करूनही पाहिलं नाही. रोजचंच आहे त्यांना.

वरून एक गोष्ट लख्ख दिसते. आपल्याकडे पैसा वर चढतो, मलबार हिलपासून टॉवरच्या शेवटच्या मजल्यापर्यंत. ला पाझमध्ये पैसा खाली उतरतो. श्रीमंत वस्ती दरीच्या तळाशी, जिथे थंडी कमी आणि श्वास सोपा. कष्टकरी, खेड्यांतून आलेले आयमारा लोक वर एल आल्तोत, वाऱ्यावर. पूर्वी खालीवर करायचं म्हणजे मिनीबसमध्ये ताटकळणं. आता तारेवरून दहा मिनिटांत वर. म्हणून हा रोपवे मला कुठल्याही चर्चपेक्षा बघण्यासारखा वाटला. आपल्या शहरांत उड्डाणपुलांच्या उद्घाटनाला जमणाऱ्यांनी एकदा जाऊन यावं.

"एकटी होतीस, भीती नाही वाटली?" वाटली. फोन रस्त्यात बाहेर काढला नाही, अंधार पडल्यावर बाहेर पडले नाही. दादरला गर्दीत पर्स पोटाशी धरतोच की आपण.

तिसरा दिवस बाजाराचा. रस्त्यावर फतकल मारून बसलेल्या बायका आणि त्यांच्यापुढे बटाट्यांचे ढीग: जांभळे, काळपट, गुलाबी, आल्यासारखे गाठाळ. बटाटा मूळचा याच डोंगरांतला. शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंदही याच खंडातले. म्हणजे आपली एकादशीची खिचडी निम्म्याहून जास्त इथूनच आलेली, आणि आपण ती खाऊन सोवळ्यात! एका ढिगात काळपट, सुरकुतलेले, हलके गोळे होते. चुन्यो. कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर ठेवायचे, गोठले की पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. वर्षानुवर्षं टिकतात. हे आपलं वाळवणच, फक्त चैत्राच्या उन्हाऐवजी हिमाच्या भरवशावर.

मी चार जांभळे बटाटे घेतले. विकणाऱ्या आजी मला 'कासेरा' म्हणाल्या. नेहमीच्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मी तर पहिल्यांदाच आले होते. पैसे दिल्यावर त्यांनी पाचवा बटाटा पिशवीत टाकला. याला 'यापा' म्हणतात. मंडईत भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या पडतात ना, तेच.

संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात पातेल्यात ते उकडायला ठेवले. पाऊण तास झाला तरी मधे टणक. या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिथली स्वयंपाकीण आली, पातेल्यात डोकावली, हसली आणि कपाटातून कुकर काढला. त्याला शिट्टी नव्हती. नुसतं वजन खुळखुळत राहिलं. सवयीने मी मात्र तीन मोजायला उभी.