कृष्णपुऱ्याच्या छत्रीला टेप चिकटवता?

आज सकाळी डोकंच फिरलं. आईला घेऊन इंदूरच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, त्या जुन्या कोरीव दगडी स्मारकांवर गेलो होतो. पायऱ्यांवर प्री-वेडिंगवाल्यांनी आधीच तळ ठोकलेला. दोन स्टँड, रिफ्लेक्टर, कपड्यांच्या बॅगा. वर आईला सांगतायत, "आंटी, फ्रेम में आ रहे हो, थोड़ा साइड." तिचा जन्म गेला राजवाड्याच्या आसपास, आणि तिनं साइडला व्हायचं!

पुढे गेलो तर एका कोरीव वादकाच्या ढोलाला डबल टेपनं फुलांची माळ चिकटवलेली. म्हटलं, काढ ती आधी. पोरगा म्हणतो, "भिया, दो मिनिट का काम है." मी आवाज चढवल्यावर त्यानं ती खर्रकन ओढली. ढोलाच्या कडेचा नखाएवढा पापुद्रा टेपबरोबर निघाला. तो त्यानं टिचकी मारून उडवला. टिचकी मारून!

अरे, कुणाच्या दारात उभे आहात ते तरी ठाऊक आहे का? कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव, या होळकरांची स्मारकं आहेत ही. इंदूरला रेल्वे यावी म्हणून १८७०च्या सुमारास तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. एक कोटी, त्या काळातले! त्यांच्या छत्रीपुढे तुम्ही गुलाबी धुराचे डबे फोडता? तो रंग दगडाच्या बारीक छिद्रांत शिरून बसतो. घासून काढायला जावं तर कोरीव कामच झिजतं.

शूटिंगला माझा विरोध नाही. मी स्वतः बारा वर्षं शूटिंगला लाइट लावलेत. जुन्या वास्तूत काम असलं की फरशीला ओरखडा नको म्हणून टेनिसचे चेंडू कापून स्टँडच्या पायांना बसवायचो. भिंतीला काही टेकवायचं नाही. माळ हवी तर वेगळा पाइप उभा करून त्यावर टांगायची. तासभर जास्त जातो, जाऊ दे ना! आणि परवानगी? ती विचारली तर म्हणे, "सब करते हैं." सगळे करतात म्हणूनच तर त्या मूर्तींची नाकं-बोटं झिजत चाललीत.

आई तेवढ्यात खाली वाकून तो पापुद्रा शोधत होती. गुडघे दुखतात तिचे. सापडला नाही.

उद्या सहालाच जाऊन त्या पायरीवर बसणार आहे. या म्हणावं टेप घेऊन.