हायपरबोल

काल दुपारी एका झेरॉक्सवाल्यानं मला इंग्रजी शिकवलं. साक्षीला सहा विद्यार्थी, सातबारा घेऊन आलेले एक आप्पा आणि एप्रिलचं ऊन.

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे आठवड्यातून नऊ तास ‘सर’ आणि बाकीचा आठवडा फलाटावर उभा असलेला एक इसम. काल मानधनाच्या बिलाच्या झेरॉक्स काढायला गेलो होतो. तिसऱ्यांदा. आधी दिलेल्या दोन्ही वेळच्या प्रती ऑफिसात ‘असतील कुठंतरी’.

परीक्षा आठवड्यावर आल्यामुळे दुकानात गर्दी होती. माझ्या वर्गात वर्षभर जी तोंडं दिसली नाहीत ती सगळी तिथं दिसली. पोरं ‘लिटररी टर्म्स’चा गठ्ठा मागत होती. हा गठ्ठा म्हणजे कुण्या हुशार मुलीच्या वहीची झेरॉक्स, तिची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स. अक्षरं उन्हात वाळत घातलेल्या कुरडयांसारखी. पान दोन रुपये, पाठपोट तीन.

“भाऊ, यात हायपरबोल आहे ना?” एकानं विचारलं.

“आहे ना. पान सात. हायपरबोल दरवर्षी येतो.”

मी गप्प बसायला हवं होतं. बायको मला हेच सांगत असते. पण नऊ तासांत न झालेलं शिकवणं असं कुठंही उफाळून येतं. मी म्हणालो, “हायपरबोल नाही, हायपर्बली. शेवटी ‘ली’ येतो.”

मशीनसुद्धा क्षणभर थांबल्यासारखं वाटलं. झेरॉक्सवाल्यानं झाकण उघडं ठेवलं, त्याचा हिरवा उजेड हनुवटीवर घेत माझ्याकडे पाहिलं आणि ज्या आवाजात डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात त्या आवाजात म्हणाला, “सर, राग मानू नका. अकरा वर्षं झाली मी हे विकतोय.”

“अहो, पण उच्चार—”

“आता बघा. हायपर म्हणजे काय? आमच्या वडिलांना हायपर आहे. गोळी चालू आहे. हायपर म्हणजे जास्त. बरोबर?”

बरोबर होतं.

“आणि बोल म्हणजे?”

सहा पोरं एकदम म्हणाली, “बोलणं!”

“जास्तीचं बोलणं. अतिशयोक्ती. शब्दातच अर्थ आहे, सर. आता यात बली कुठून आला? बळी काय द्यायचाय?”

पोरं हसली. एक मुलगी वहीत लिहून घेऊ लागली. मी तिच्या वर्गावर दोन वर्षं आहे. तिला लिहिताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मी म्हणालो, “अहो, तो ग्रीक शब्द आहे.”

“ग्रीक काय, आपल्याकडूनच गेला असेल.”

मी डिक्शनरीचं नाव काढलं. तो म्हणाला, डिक्शनरीपण आहे, स्पायरल करून, दीडशे रुपये. मी मोबाइल काढून त्यातल्या बाईच्या आवाजात उच्चार ऐकवायला गेलो, तर रेंज नव्हती. ते छोटं चाक फिरत राहिलं आणि आम्ही आठ जण त्याच्याकडे बघत राहिलो.

तेवढ्यात सातबाऱ्यावाल्या आप्पांचा धीर सुटला. “भाऊ, मना उतारा कधी काढशी? माले तहसीलले जानं शे.”

“थांबा ना आप्पा, सरांचा वाद चालू आहे. तुम्हीच सांगा. बोल म्हणजे काय?”

आप्पांनी टोपी काढून घाम पुसला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, माझ्या हातातलं बिल पाहिलं, आणि निकाल दिला. “हाऊ बरोबर सांगी राहिना. बोल म्हनजे बोलनंच.” मग माझी कीव येऊन म्हणाले, “तुम्हनं बी बरोबर व्हई. पन मना उतारा काढू द्या.”

खरं उत्तर मला सुचलं ते रात्री साडेदहाला, भरताच्या वांग्याचं देठ काढताना. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पलीकडे फेकणे’. फेकणे! आपल्याकडे थापा मारणाऱ्याला दुसरं काय म्हणतात? ‘फेकू नको’! तो शब्द खान्देशातल्या प्रत्येक पानटपरीवर अर्थासकट हजर होता, आणि मी भर दुपारी तिथं उभा राहून फिरतं चाक बघत होतो.

बरं, हा वाद दोन दमड्यांचा आहे हेही मला कळतं. परीक्षा लेखी. ‘बोल’ म्हणा की ‘बली’, स्पेलिंग एकच. माझ्या बरोबर असण्याला शून्य मार्क आहेत.

सिमिलीचं, म्हणजे उपमेचं, तेच. पोरांचा नियम सोपा: ओळीत ‘लाइक’ शोधायचं, सापडलं की सिमिली, नाही सापडलं की मेटाफर, म्हणजे रूपक. या नियमानं प्रेयसीला लाल गुलाबाची उपमा देणारा रॉबर्ट बर्न्स १७९४ सालापासून बिनचूक सापडतो. पण याच नियमानं गेल्या वर्षी एका पेपरात ‘आय लाइक मँगोज’ हेसुद्धा सिमिली ठरलं. ‘अपॉस्ट्रॉफी’ म्हणजे समोर नसलेल्याला किंवा निर्जीव वस्तूला उद्देशून बोलणं, हे मी चार वेळा सांगितलं. पेपरात मात्र ‘एसच्या आधी वर दिलेला स्वल्पविराम’. मेटाफरसाठी मी तर जिवाचं रान केलं. म्हटलं, मूळ अर्थ ‘इकडून तिकडे वाहून नेणं’. ग्रीसमध्ये सामान हलवणाऱ्या ट्रकांवर आजही हाच शब्द लिहिलेला असतो. आपल्या रावेर-सावद्याची केळी जशी दिल्लीला जातात, तसा एका वस्तूचा अर्थ दुसरीवर लादून न्यायचा. पोरं खूश झाली. पेपरात एकानं लिहिलं: ‘मेटाफर हा ग्रीस देशातील ट्रक आहे.’ मी अर्धा मार्क दिला. ट्रक तरी पोचला.

आणि मजा अशी की उपमा आमच्या पाण्यातच आहे. जळगावला लागून असलेल्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी संसाराला चुलीवरच्या तव्याच्या शेजारी नेऊन बसवलं, आणि त्या उपमेचा चटका अजून कमी झालेला नाही. त्यांना कुणी व्याख्या विचारली नाही, ‘नेम अँड एक्स्प्लेन’ म्हटलं नाही. इथल्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे, आणि त्या विद्यापीठाच्या परीक्षेला पोरं दोन रुपये पानानं उपमा विकत घेऊन बसतात. यात पोरांचा दोष नाही. सकाळी कपाशीत, दुपारी कॉलेजात, संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाला मी कुठल्या तोंडानं सांगू की बाबा, आधी कवितेत रम?

तर दुकानात. आप्पांचा उतारा निघाला. पोरांचे गठ्ठे निघाले. झेरॉक्सवाला आता दिलदार झाला होता. जिंकलेला माणूस होतोच. म्हणाला, “सर, नोट्स मात्र भारी आहेत. उदाहरणं बघा, एकदम लोकल.” आणि पान सात माझ्या नाकासमोर धरलं.

अतिशयोक्तीची व्याख्या. खाली उदाहरण पहिलं, कुठल्याशा पुस्तकातलं. उदाहरण दुसरं: ‘माझं मानधन येईपर्यंत माझे केस पिकतील.’

तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा मला आठवला. त्या दिवशी ऑफिसातून नुकताच हात हलवत आलो होतो, आणि वर्गात शिरताना चिडून हे वाक्य बोललो होतो. कुणाला काही शिकवण्यासाठी नाही. पण फळ्यावर कालच्या तासाचं ‘हायपर्बली’ तसंच होतं, त्यामुळे एका गुणी मुलीनं ते खाली उतरवून घेतलं. तेव्हापासून किती बॅचेस ते पाठ करत आल्या असतील, देव जाणे.

“हे उदाहरण चुकीचं आहे,” मी म्हणालो.

“काबरं? अतिशयोक्ती नाही का?”

मी टोपी घालत नाही. त्यानं माझ्या कानशिलांकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या बिलाकडे पाहिलं. त्यावर ऑक्टोबर लिहिलेलं होतं. पहिल्यांदाच तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “तीन प्रती ना? चार काढतो. त्यांच्याकडनं हरवतात.”

चौथीचेही पैसे घेतले, तो भाग वेगळा. आठ रुपये झाले. मी दहाची नोट दिली. सुट्टे नव्हते. एरवी दोन रुपयांचं चॉकलेट देतात. त्यानं गठ्ठ्यातून जास्तीचं एक पान ओढलं आणि माझ्या बिलात घडी करून घातलं. “घ्या सर, सायनेकडोच. हेपण येतं.”

मी उच्चाराबद्दल काही बोललो नाही.

गाडी नेहमीप्रमाणे उशिरा आली, पण खिडकी मिळाली. धरणगाव गेल्यावर पान उघडलं. सिनेक्डकी: भाग सांगून संपूर्ण सुचवणे. व्याख्या बरोबर. खाली उदाहरण: ‘दिल्लीनं निर्णय घेतला.’ म्हणजे सरकारऐवजी त्याचं ठिकाण. हे साफ चूक, ही तर मेटॉनिमी. दिल्ली काही सरकारचा तुकडा नाही. ‘मजुरांचे दहा हात कामाला लागले’ असं काहीतरी हवं होतं. मी खिशातून पेन काढलं, दुरुस्ती करायला टोपण उघडलं, आणि समासात त्याच मुलीच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: ‘सरांनी सांगितलेले.’

त्या दिवशी गाडी दीड तास लेट होती. आणि सकाळपासून चहापण नव्हता.